सूटपत्र आणि शब्बाथशाळा

वाशीम जिल्ह्यातील एका लहान मंडळीत बरीच वर्षे शब्बाथशाळेचा वर्ग घेणाऱ्या एका बाईंना, न्यायालयातून घटस्फोटाचा निकाल हाती आल्यानंतर, पंचांनी वर्ग सोडावयास सांगितले. मंडळीचे वा पंथाचे नाव आम्ही येथे घेत नाही. दुसऱ्या गावी, दुसऱ्या पंथात हेच घडले असते तर शेवट फार निराळा झाला असता असे आम्हांस वाटत नाही. बाई सात वर्षांपासून माहेरी राहत होत्या. नवरा दारू पिऊन मारहाण करतो हे मंडळीत सर्वांना ठाऊक होते, पाळकसाहेबांनी दोनदा मध्यस्थीही केली होती. त्या सात वर्षांत बाईंच्या शिकवण्यावर कोणी बोट ठेवले नाही. संसार मोडला आहे हे मंडळीला चालत होते. मोडल्याचा कागद मात्र चालला नाही.

घटस्फोटित व्यक्तीने मंडळीत शिकवावे काय, हा प्रश्न आमच्या समाजात बहुधा याच रीतीने पुढे येतो. तत्त्वचर्चा म्हणून तो कोणी काढीत नाही. कोणाचा तरी वर्ग, कोणाचे तरी व्यासपीठ काढून घ्यावयाचे असते, आणि मग पवित्र शास्त्रातील वचन शोधले जाते. ते वचनही ठरलेले आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या अंगी असावयाच्या गुणांची यादी आहे आणि तीत त्याला एकच बायको असावी अशी अट आहे. तीताला लिहिलेल्या पत्रात तीच अट वडिलांसाठी पुन्हा येते.

या अटीचा अर्थ काय, यावर टीकाकारांत जुना वाद आहे. बहुपत्नीकत्वाचा निषेध, विधुराच्या पुनर्विवाहास मनाई, की केवळ पत्नीशी एकनिष्ठ राहण्याची अपेक्षा, असे तिन्ही अर्थ मांडले गेले आहेत. आमचा मुद्दा त्याहून साधा आहे. त्याच पत्रात, त्या यादीच्या अगदी आधी, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, स्त्रीने शिकवू नये असेही म्हटले आहे. ज्या मंडळीने त्या बाईंना इतकी वर्षे मुलांपुढे उभे केले तिने ते वचन काळाच्या आणि स्थळाच्या संदर्भात वाचले, आणि योग्यच केले. पान उलटताच मात्र संदर्भ सुटतो आणि अक्षर तेवढे उरते. हे वाचन आम्हांस प्रामाणिक वाटत नाही.

वाशीमपुरते बोलावयाचे तर येथे हा विरोध विशेष डोळ्यांत भरतो. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात मेथडिस्ट मिशनने या भागातील आपले काम चर्च ऑफ द नाझरीनकडे सोपवले. या पंथाने १९०८ पासूनच स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याचे धोरण ठेवले आहे. शहरातील रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायकर या स्त्रीने उभे केले आणि पुढे कित्येक दशके सांभाळले. स्त्रीच्या हाताखाली शिकण्याची, तिचे ऐकण्याची सवय येथल्या ख्रिस्ती समाजाला तीन-चार पिढ्यांची आहे. मेथडिस्ट आणि नाझरीन हे दोन्ही प्रवाह ज्यांच्यापर्यंत मागे जातात ते जॉन वेस्ली यांचा संसार तरी कुठे धड झाला? १७५१ साली त्यांनी मेरी व्हॅझील या विधवेशी विवाह केला, तो कधी जमलाच नाही, आणि अखेर त्या त्यांना सोडून निघून गेल्या. १७८१ साली त्या वारल्या तेव्हा अंत्यविधीलाही वेस्ली नव्हते. घटस्फोट झाला नव्हता हे खरे. त्या काळच्या इंग्लंडात तो पार्लमेंटच्या खास कायद्यावाचून मिळत नसे. पण त्यांनी प्रवचने थांबवावीत असा ठराव मेथडिस्टांनी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

मराठी मंडळीचा स्वतःचा इतिहास याहून बोलका आहे. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावला बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही, आणि पुढे १८६० साली त्यांनी एका ख्रिस्ती स्त्रीशी दुसरा विवाह केला. या दोहोंच्या मधल्या काळात, १८५७ साली, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. विधवांच्या दुःखावरची ही कादंबरी मराठीतील पहिली मानली जाते, आणि ती ज्याचा स्वतःचा संसार मोडलेला होता अशा माणसाने लिहिली, ही गोष्ट आमच्या समीक्षेत फारशी चर्चिली जात नाही. १८६७ साली पुण्याच्या फ्री चर्चने याच पदमनजींना पाळकपदाची दीक्षा दिली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो त्यांना आजच्या पंचांपुढे उभे केले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

अशा धर्मांतरितांची अडचण ओळखूनच १८६६ साली सरकारने कायदा केला होता. धर्मांतरामुळे जोडीदार नांदावयास नकार देत असेल तर ठरावीक मुदतीनंतर न्यायालयाने तो विवाह मोडावा आणि धर्मांतरिताला पुन्हा लग्नाची मोकळीक द्यावी, अशी त्यात तरतूद होती. तिला आधार पौलाचाच होता, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील सातव्या अध्यायाचा. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर होत्या. टिळकांनी ती वाट धरली नाही, वाट पाहिली, आणि दोघे पुन्हा एकत्र आले. 'स्मृतिचित्रे'मुळे ही कथा मराठी वाचकाच्या घरची झाली आहे. पण टिळकांची सबुरी थोर म्हणून पदमनजींची दीक्षा खोटी ठरत नाही. जुन्या मंडळीने दोघांनाही पाळक केले.

सूटपत्र हा आपल्या मराठी शास्त्रातला शब्द. बाहेर बोलताना आपण सोडचिठ्ठी म्हणतो, काडीमोड म्हणतो, फारकत म्हणतो. मोशेच्या नियमशास्त्रात सूटपत्र लिहून हाती देणारा पुरुष आहे आणि ते घेऊन घराबाहेर पडणारी स्त्री. येशूचे कडक शब्द आहेत ते त्या लिहिणाऱ्या हाताला उद्देशून. वाटेल त्या कारणाने बायको टाकता येईल काय, असे परूशी विचारीत होते आणि त्यांना ते उत्तर मिळाले. टाकलेल्या स्त्रीच्या बाजूने उच्चारलेले शब्द तिच्याच हातातला खडू काढून घेण्यासाठी वापरले जावेत, हे आम्हांस फार विपरीत वाटते.

कायद्यानेही बराच काळ पुरुषाचीच बाजू धरली होती. १८६९च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध करणे पुरे होते. पत्नीला केवळ व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही दाखवावे लागे. केवळ मारहाणीला त्या कायद्यात सुटका नव्हती. जिल्हा न्यायालयाने निकाल दिला तरी उच्च न्यायालयाने तो कायम करावयाचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली यातला पक्षपात घटनाबाह्य ठरवला आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. क्रूरता, परित्याग ही स्वतंत्र कारणे झाली, परस्परसंमतीची वाटही खुली झाली. तोवर आमच्या आज्या-मावश्यांपैकी ज्यांचे संसार मोडले त्या घटस्फोटित झाल्याच नाहीत, नुसत्या 'माहेरी असत'. त्यांतल्या काही बायबलबाई म्हणून खेडोपाडी फिरल्या. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनातून वचन घेऊन निघालेल्या स्त्रियांत टाकलेल्या स्त्रियाही होत्याच. त्यांना कोणी वैवाहिक स्थितीचा दाखला मागितला नाही. आज तीच स्त्री न्यायालयात जाऊन आपली गोष्ट उघड मांडते, तेव्हा ती अपात्र होते. लपवणाऱ्याला मुभा आणि सांगणाऱ्याला शिक्षा देणारा नियम मंडळीत सत्य वाढवील असे कोणाला वाटते?

आम्हांस उलट बाजू दिसत नाही असे नाही. शिक्षक आपल्या जगण्याने शिकवतो. याकोबाने आपल्या पत्रात शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल असे बजावले आहे. वर्गात बसलेल्या मुलामुलींना उद्या विवाहाच्या शपथा घ्यावयाच्या आहेत. बायकोला मारणारा, दुसरीसाठी पहिलीला सोडणारा मनुष्य पश्चात्तापाची खूणही न दाखवता व्यासपीठावर चढला तर आम्हीही उठून बाहेर जाऊ. रोमन कॅथलिक मंडळी विवाहाला संस्कार मानते आणि घटस्फोट मुळीच मानत नाही. तिची भूमिका आम्हांस पटली नाही तरी ती सुसंगत आहे आणि तिच्यापाशी विवाह मुळातच वैध होता की नाही हे तपासणारी न्यायसभा आहे. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मात्र घटस्फोट मान्य, पुनर्विवाहही चर्चमध्ये लागतो, आणि मग शिकवण्याच्या वेळी एकाएकी सगळे कॅथलिक होतात. इंग्लंडच्या चर्चने २००२ साली घटस्फोटितांच्या पुनर्विवाहाला अपवादात्मक परिस्थितीत संमती दिली आणि २०१० साली अशा पाळकांना बिशपपदाचा मार्गही मोकळा केला, तोही प्रत्येकाची चौकशी करून. चौकशी हा कष्टाचा मार्ग आहे. तीत पंचांना दोन्ही घरी जावे लागते, अप्रिय प्रश्न विचारावे लागतात, आणि कधी कधी मंडळीला भरघोस वर्गणी देणाऱ्या घराण्याविरुद्ध मत द्यावे लागते. सरसकट बंदीत यांतले काहीच करावे लागत नाही. तिची ओढ मुख्यत्वे याच सोयीमुळे आहे, पावित्र्यामुळे नव्हे, असा आमचा संशय आहे.

म्हणून आमचे मत असे की निकालपत्रावरून कोणाचाही वर्ग काढू नये. विवाह कशाने मोडला, त्यात या व्यक्तीचा वाटा किती, तिने तो कबूल केला आहे काय, मुलांची, पोटगीची जबाबदारी ती पाळते काय, हे विचारावे. आणि हे प्रश्न ज्यांनी सूटपत्र घेतलेले नाही त्यांनाही विचारावेत. ज्या पंचांनी त्या बाईंबद्दल ठराव केला त्यांतल्या एकाची सून दोन वर्षांपासून माहेरी आहे. तिच्याविषयी बैठकीत शब्द निघाला नाही, निघेल असेही वाटत नाही.

त्या बाई अजून उपासनेला येतात. डावीकडे, खिडकीजवळच्या बाकावर बसतात. वर्ग आता एका तरुणाकडे दिला आहे. मुलगा चांगला आहे, गातो छान, पण दाविदाच्या गोष्टीत तो नेहमी गल्याथापाशीच थांबतो. बाई पुढचेही सांगत असत, बथशेबाचे, आणि नाथानाचे.