धाप लागते म्हणून मैदान सोडायचे?



किशोरी शिबिरात पळण्याचा खेळ ठेवला की हे हमखास दिसते. दहा वर्षांच्या मुली सुसाट पळतात, क्षणभर थांबतात आणि पुन्हा तयार. तेरा-चौदाच्या मुली मात्र धापा टाकत बसून घेतात. बाजूला उभी असलेली आई म्हणते, "शहाणी झाली ना ताई, आता तिला झेपायचं नाही." आणि तिथेच त्या मुलीचा खेळ संपतो.

हे 'न झेपणे' म्हणजे नेमके काय? पळताना स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो, म्हणून काही नसा हृदयाचे ठोके वाढवतात. थांबल्यावर दुसऱ्या नसा त्यांना लगाम घालतात. लहानपणी हा लगाम चटकन बसतो, वयात येताना थोडा सावकाश. मुलग्यांचेही तसेच होते. पण त्याच वयात मुलग्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन पुरुषी संप्रेरकामुळे वाढते. मुलींचे तसे वाढत नाही, शिवाय पाळीतून लोह जाते. म्हणून तेवढ्याच कामाला मुलीच्या हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. हा फरक आहे, दुबळेपणा नव्हे. नियमित व्यायामाने मुलींचेही हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते आणि दम लवकर परततो.

मग बाकीची धाप कुठली? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आहे, मुलग्यांत ३१ जणांना. मुलींसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा मुळात खालची, १२ ग्रॅम धरली आहे, मुलग्यांसाठी १३. तरीही ही तफावत! तिचा सगळा दोष निसर्गावर ढकलता येणार नाही. सर्वांत शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरते, हेही विचारावे लागेल.

आपल्या किशोरी गटात एक साधी गोष्ट करा. बसलेली असताना, पळून आल्याबरोबर आणि एक मिनिटाने मुलींना स्वतःची नाडी मोजू द्या. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे. आकडे वहीत लिहा आणि दोन महिन्यांच्या सरावानंतर पुन्हा मोजा. तुलना दुसरीशी नको, स्वतःच्याच जुन्या आकड्याशी. सोबत आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात का ते पाहा. पळताना चक्कर आली किंवा छातीत दुखले तर तिला न रागावता डॉक्टरांकडे न्या.

आणि त्या आईशी बोला. तिलाही कुणीतरी याच वयात मैदानातून घरी बोलावले असेल.