घर-अंगण : काठीची सावली

तीन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या मुलास शाळेतून काढले आणि घरीच शिकवावयास आरंभ केला. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. वर्गात तो बोलेनासा झाला होता. सकाळी पोट दुखते म्हणून रडत असे, आणि डॉक्टरांच्या तपासणीत काहीच निघत नसे. निर्णय सोपा नव्हता. आप्तेष्टांची काळजीही रास्तच होती. म्हणून मी मनाशी ठरविले, की घरातील ही शाळा अशी चालवावी, की कोणास बोट ठेवावयास जागा राहू नये.

भिंतीवर वेळापत्रक लागले. दहा ते बारा गणित, मग भाषा, दुपारी विज्ञान. सायंकाळी फिरावयास नेले, तरी वाटेत माझे प्रश्न चालूच असत : हे पान कोणत्या प्रकारचे? याचे इंग्रजी स्पेलिंग काय? एके दिवशी चपला घालता घालता तो म्हणाला, "आई, मी येतो, पण तू वाटेत काही विचारणार नाहीस ना?" मी हसून वेळ मारून नेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या भीतीपासून त्याला सोडविण्यासाठी शाळा सोडली, तीच भीती मी घरी आणून बसविली होती.

त्यातून वाट निघाली ती त्याच्या आजोबांमुळे. मार्गशीर्षातील एका सकाळी त्यांनी अंगणात एक मीटरची काठी रोवली, दोरीला दगड बांधून ओळंबा केला व ती सरळ असल्याची खात्री करून घेतली. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावयाची, एवढाच खेळ. सूर्याकडे थेट पाहावयाचे नाही, हा एकच नियम. बारा वाजता सावली सर्वांत आखूड होईल, असे मी छातीठोकपणे सांगितले. ती झाली नाही. बारानंतरही सावली आखडतच राहिली आणि साडेबाराच्या सुमारास कोठे वाढू लागली. "असे का ग?" मुलाने विचारले. पदवीधर आईला उत्तर येत नव्हते. आजोबांनाही येत नव्हते. मी म्हणाले, "मला ठाऊक नाही. शोधू या."

आम्ही तिघे नकाशा उघडून बसलो. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. आमची सांगली साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरावयास ४ मिनिटे लागतात. आठ अंशांना ३२ मिनिटे. ऋतुमानाप्रमाणे यात थोडाफार फरक पडतो. तरी घड्याळात बारा वाजतात तेव्हा आमच्या अंगणात मध्यान्ह झालेलीच नसते! आठ चोक बत्तीस हा पाढा त्याने त्या दिवशी स्वतःहून, आनंदाने म्हटला.

तेव्हापासून घराबाहेरचे आमचे उपक्रम थोडे आणि साधेच आहेत. वाचक बंधुभगिनींच्या उपयोगी पडतील म्हणून ते येथे देते.

पहिला हा काठीचाच. २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीची सावली वर्षातील सर्वांत लांब असते. सांगलीस मीटरभर काठीची सावली सुमारे ८५ सेंटिमीटर पडते. पुढे ती दर आठवड्यास आखडत जाते आणि ७ मेच्या सुमारास मध्यान्ही नाहीशीच होते. पुण्यास हा दिवस १३ मेच्या आसपास, तर मुंबईस १५ मेच्या आसपास येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो खरा, पण तेव्हा बहुधा ढग आड येतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास दिला तरी पुरे. हिवाळ्यात सर्वांत आखूड सावली ज्या दिशेस पडते ती उत्तर, हेही मुलास होकायंत्रावाचून कळते.

दुसरा पावसाचा. सरळ कडांची व सपाट बुडाची काचेची बरणी उघड्यावर ठेवावी आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर वीस मिलिमीटर पाऊस झाला तर हजार लिटर पाणी पडले, हा हिशेब मुलाने केला, तेव्हा नळ बंद करा असे त्यास पुन्हा सांगावे लागले नाही. बरणी मात्र रोज रिकामी करावी. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. मग नको ती हिंसा पदरी येते.

तिसरा चंद्राचा. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, त्यामुळे सायंकाळचा निवांत वेळ सर्वांना एकत्र मिळतो. शुक्ल द्वितीयेस सूर्य मावळल्यावर पश्चिमेस बारीक कोर दिसते. रोज त्याच वेळी गच्चीवर जावे. हात लांब करून मूठ धरली, तर चंद्र रोज सव्वा मुठीइतका पूर्वेकडे सरकलेला दिसतो. अष्टमीस तो अर्धा आणि जवळजवळ माथ्यावर असतो. पौर्णिमेस सूर्य मावळताना पूर्वेस उगवतो. अष्टमी-चतुर्दशी या तिथी मुलांना दिनदर्शिकेवरून ठाऊक असतात. त्या आकाशात पाहिल्या की त्यांचा अर्थ कळतो.

चौथा एका झाडाचा. आम्ही कोपऱ्यावरचा पिंपळ निवडला. पाने गळतात केव्हा, तांबूस पालवी फुटते केव्हा, याची नोंद तारखेसह ठेवतो. तोडावयाचे काही नाही; खाली पडलेले पानच उचलावयाचे, त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली की शिरांचे जाळे उमटते. आणि पाऊल टाकण्यापूर्वी मुंग्यांची रांग पाहावयाची.

या सर्वांत मी स्वतःस एकच पथ्य घालून घेतले आहे : बाहेर असताना उत्तर ठाऊक असलेला प्रश्न मुलास विचारावयाचा नाही. परीक्षा घ्यावयाची असेल ती घरात, पुस्तक उघडून.

पुस्तक सुटलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पाढे, शुद्धलेखन, अपूर्णांक हे बसूनच करावे लागतात व कधी कधी अश्रूही येतात. पुढे दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत देता येते, म्हणून तिची तयारीही मनात आहे. आपण योग्य केले ना, ही शंका मला आजही अधूनमधून छळते. परंतु पोट दुखण्याची तक्रार आता थांबली आहे, आणि गेल्या आठवड्यात फिरावयास निघताना त्यानेच मला विचारले, "आई, आज तू काय बघणार?"

येत्या शुक्ल द्वितीयेस जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वांनी, आजी-आजोबांसह, गच्चीवर जावे. कोर कोणास प्रथम दिसली, हे अवश्य कळवावे.