भिंतीवरचं पोस्टर जे सांगत नाही

आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या दाराजवळ एक जुनं पोस्टर आहे. पिवळं पडलेलं, एका कोपऱ्याचा सेलोटेप सुटलेला. त्यावर तीन सूचना : फ्लॉपी लावण्याआधी व्हायरस तपासा, पासवर्ड दर महिन्याला बदला, अनोळखी मेल उघडू नका. फर्स्ट इयरची पोरं विचारतात, "सर, फ्लॉपी म्हणजे काय?" आणि सगळे हसतात. मीही हसायचो.

पण हे पोस्टर उगाच लागलं नव्हतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा मेल जगभर फिरला, लोकांनी उत्सुकतेने अटॅचमेंट उघडली आणि लाखो कॉम्प्युटर बाधित झाले. तिसरी सूचना तर आजही खरी आहे.

दुसरी मात्र चुकली. अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेने पासवर्ड ठराविक काळाने बदलण्याचा सल्ला दिला आणि जगभरच्या ऑफिसांनी तो उचलला. माणसं काय करणार? जुन्याच पासवर्डपुढे १, २, ३ लावत गेली. २०१७ मध्ये निस्टनेच तो नियम मागे घेतला. मोठा पासवर्ड ठेवा, तो फुटल्याचा संशय आला तरच बदला, असं आता सांगतात. म्हणजे पोस्टरवर लिहिलंय म्हणून ते कायमचं खरं, असं नसतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. सगळी पोस्टरं 'हे करू नका' म्हणतात. चूक झाल्यावर काय करायचं, ते सांगत नाहीत. गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या एका मित्राला बँकेच्या नावाने फोन आला. त्याने ओटीपी सांगितला. परीक्षा फी आणि मेसचे पैसे पाच मिनिटांत साफ. वडील धुळ्याला हमाली करतात. "कॉम्प्युटर शिकतोस आन् तूच फसला?" असं ते म्हणतील, या भीतीने तो तीन दिवस गप्प राहिला. मेसमध्येही येईना. तेवढ्यात पैसे कुठल्या कुठे गेले.

फसणारा मूर्खच, हे आपल्याला कुणी शिकवलं? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. तिथे कोणत्या खातेदाराने ओटीपी सांगितला होता? हल्ला बँकेच्या यंत्रणेवरच झाला होता. मोठ्या बँकेला 'हल्ला झाला' म्हणायचं आणि हमालाच्या पोराला 'बावळट', हा कुठला न्याय?

म्हणून मित्रांनो, जुनं पोस्टर फाडू नका, राहू द्या. त्याच्या शेजारी आपण आपलं एक लावू, आपल्या बोलीत : "भो, लाजू नको. आधी १९३० ले फोन लाव, मंग बँकले सांग." तक्रार जितकी लवकर, तितकी वाटेतली रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

कागद मी आणतो. अक्षर ज्याचं चांगलं आहे, त्याने रविवारी खोलीवर यावं. पहिलं पोस्टर मेसच्या दारावर लागेल.