बाहेर यायला कमीपणा कसला, दादा?

आपल्या टर्फवर रात्री नऊनंतर जो फुटबॉल चालतो, त्यावर आज स्पष्टच लिहितो. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

खेळ पाच-पाचचा. एका बाजूला आठ जण येतात, वर्गणी आठही जण सारखीच भरतात. तासाचा हिशेब करा, प्रत्येकाच्या वाट्याला साडेसदतीस मिनिटं येतात. प्रत्यक्षात दोघं-तिघं पूर्ण तास आत, आणि जाळीबाहेरची पोरं पंधरा मिनिटं खेळून घरी. बोलत नाहीत बिचारी. कारण आतला कुणाचा साहेब, कुणाचा चुलता, कुणी टीशर्टचे पैसे दिलेला!

आईस हॉकी बघा. एनएचएलमधले खेळाडू त्यावर पोट भरतात, तरी एका वेळी साधारण पाऊण मिनिट बर्फावर राहतात आणि बाकावर येतात. खेळ थांबत नाही, पंचाला विचारावं लागत नाही. फुटसालमध्येही चालू खेळात कितीही वेळा बदली करता येते. मग आपल्याला कुणी अडवलंय?

आपले पंचेचाळिशीतले दादा सातव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभे. बॉल गेला की मागे यायचं नाव नाही, गोलकीपरवर ओरडायला मात्र दम शिल्लक. परवा एक जण छाती धरून खाली बसला, दहा मिनिटांनी परत आत! (घरी सांगितलं नसणारच.)

चार मिनिटं झाली की बाहेर, एवढीच मागणी आहे. मोबाइलवर टायमर लावा आणि तो बाकावरच्या पोराच्या हातात द्या. ज्यांना हे जमत नाही त्यांनी टर्फचं सगळं भाडं एकट्याने भरावं.