वजनाची पावती घेतो, मग औषधाची का नाही?



आपल्या उसाची गाडी काट्यावर चढली की आपण काय काय करतो हे वेगळे सांगायला नको. भरल्या गाडीचे वजन बघतो, रिकाम्या गाडीचे बघतो, पावतीवरचा आकडा दोनदा वाचतो आणि थोडा जरी फरक वाटला तरी गट ऑफिस डोक्यावर घेतो. घ्यायलाच पाहिजे. वर्षभर रात्री-बेरात्री दारे धरून वाढवलेला ऊस आहे तो. पण हाच सभासद अंगात ताप भरला म्हणून गावच्या दवाखान्यात जातो तेव्हा त्याची जीभ कुठे जाते? एक सुई, कागदाच्या पुडीत तीन रंगाच्या गोळ्या, "सकाळ-संध्याकाळ घ्या, परवा दाखवा" एवढे चार शब्द, आणि हातातली नोट टेबलावर. दुखणे कोणते, सुई कशाची, गोळ्यांची नावे काय, हे ना आपण विचारतो ना कोणी लिहून देते. उसाच्या वजनाला पावती आणि स्वतःच्या जिवाला पुडी, असा हा आपला हिशेब आहे.

हे लिहिताना गावोगावच्या डॉक्टरांवर टीका करण्याचा हेतू नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तिसगाव, मिरी, करंजी, माणिकदौंडी, खरवंडी या भागात रात्री दोन वाजता दार वाजवले तर उठणारा माणूस म्हणजे हाच डॉक्टर. त्याची पदवी कोणतीही असो, आपल्या उंबऱ्यापासून सर्वांत जवळ तोच असतो. जखम शिवतो, बाळाचा कफ बघतो, म्हातारीचा बीपी मोजतो, आणि कोणाला पुढे पाठवायचे ते ठरवतो. आणि त्याची सर्वांत मोठी सेवा कोणत्याही पाटीवर लिहिलेली नसते, ती म्हणजे उधारी. उसाची पट्टी निघेपर्यंत थांबणारे आपल्या तालुक्यात दोघेच, एक किराणा दुकानदार आणि दुसरा डॉक्टर. कारखान्याने पैसे काढले की त्या आठवड्यात दवाखान्यात गर्दी दिसते ती सगळीच आजाऱ्यांची नसते, निम्मी जुनी बाकी द्यायला आलेली असते.

पण गोम इथेच आहे. ज्याच्याकडे आपली उधारी आहे त्याला प्रश्न कसा विचारायचा? "डॉक्टरसाहेब, ही गोळी कशाची?" असे विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत. उपकाराच्या ओझ्याखाली साधी चौकशीसुद्धा दबून जाते. वास्तविक जो डॉक्टर सहा महिने पैशासाठी थांबू शकतो तो दोन मिनिटे नाव सांगण्यासाठी थांबणार नाही, असे मला वाटत नाही. आपण विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही, आणि त्याने सांगितले नाही म्हणून आपल्याला सवय लागली नाही.

सलाईनचेच घ्या. "अंगात काहीच राहिलं नाही, एक बाटली लावा" हे डॉक्टर म्हणत नाही, आपण म्हणतो. ५०० मिलीच्या साध्या सलाईनच्या बाटलीत असते ४.५ ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. गोडे असेल तर त्यात २५ ग्रॅम ग्लुकोज. ज्याला तोंडाने पाणी जाते, उलटी थांबली आहे, त्याला मीठ-साखरेचे पाणी तेच काम करते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधील बनगाव येथे पटकीची साथ आली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजले. मरणारांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढे तेच पाणी पुडीतून जगभर गेले. आपल्या अंगणवाडीत मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच. पण ही पुडी देणारा डॉक्टर आपल्याला हलका वाटतो आणि बाटली लावणारा भारी. मग तोही गिऱ्हाईक सांभाळतो. गिऱ्हाईक हा शब्द मुद्दाम वापरला आहे.

आता आपला हक्क काय ते बघू. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ साली आचारसंहितेचे नियम झाले. त्यात फी दर्शनी भागात लावणे, चिठ्ठीवर स्वतःचा नोंदणी क्रमांक लिहिणे, शक्यतो औषधाचे मूळ नाव लिहिणे हे सगळे आहे. रुग्णाने आपले कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्यावे, असेही त्यात आहे. ज्या दवाखान्यात खाटा टाकून रुग्ण ठेवतात त्यांच्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये नियम सुधारले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच निकाल दिला आहे की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. तेव्हा कागद मागणारा सभासद कोणाची मेहेरबानी मागत नाही. अर्थात कायद्याचा बडगा दाखवून गावात दवाखाना चालत नाही, आणि कोणी दाखवावा असे मी सुचवत नाही. नुसते "साहेब, चिठ्ठीवर लिहून द्या" म्हटले तरी पुरे.

हा कागद आपल्या तालुक्याला इतरांपेक्षा जास्त का लागतो, ते आता सांगतो.

मोहटादेवीची यात्रा उरकली, दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी तालुक्यातून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. एकाच घरात एक भाऊ कारखान्याचा सभासद आणि दुसऱ्याच्या हातात कोयता, अशी कुटुंबे आपल्यात कमी नाहीत. जो सभासद आहे त्याच्याही फडात ऊस तोडायला कोणाची तरी टोळी परगावाहून येतेच. ही माणसे हंगामभर कोपीत राहतात. त्यांचा नेहमीचा दवाखाना मागे गावात, आणि दुखणे मात्र सोबत.

समजा पाथर्डीच्या बाईला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. कोपीवर गोळ्या संपल्या. तिथल्या डॉक्टरला ती सांगते, "बारकी पांढरी गोळी होती." बारक्या पांढऱ्या गोळ्या शंभर असतात. तो अंदाजाने काहीतरी देतो किंवा पुन्हा पहिल्यापासून तपासण्या सांगतो. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून ती तपासणीला जात नाही, आणि गोळी बंद होते. कुत्रे चावलेल्या पोराचे तसेच. दंडात घ्यायची लस असेल तर पहिल्या दिवसापासून मोजून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढची सुई लागते. पहिल्या दोन गावात झाल्या आणि टोळी निघाली, तर राहिलेल्या कोणत्या तारखांना घ्यायच्या हे आईच्या ध्यानात राहील अशी अपेक्षा करणे चूक आहे. आणि हा रोग एकदा अंगात उतरला तर माणूस वाचत नाही.

क्षयाचे तर सरळ गणित आहे. साध्या क्षयाचा उपचार ६ महिन्यांचा आणि हंगामही जवळपास तेवढाच. म्हणजे ऑक्टोबरात गोळ्या सुरू झालेला माणूस जवळजवळ सगळा उपचार परगावी घेणार. या गोळ्या सरकार मोफत देते. २०१२ पासून खाजगी डॉक्टरनेही क्षयाचा रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे. निक्षय या नोंदीत नाव चढले की दुसऱ्या जिल्ह्यातही गोळ्या मिळतात आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी महिना १००० रुपयेही. पण तो नोंदीचा क्रमांक जर त्या माणसाच्या खिशात लिहिलेला नसेल, तर परगावच्या सरकारी दवाखान्यात त्याची ओळख पटवायची कशी? दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणसाला वाटते बरा झालो, आणि तो गोळ्या सोडतो. मग हाच क्षय साध्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि कोपीतल्या चार जणांना लागतो तो निराळाच.

सापाचेही सांगतो, कारण फडात घोणस कोणाचीही ओळख विचारत नाही. गावच्या दवाखान्यात प्रतिविष नसते म्हणून दोष देऊ नये. ते द्यायला सोय आणि अनुभव लागतो. पण एक तपासणी तिथेही होऊ शकते आणि तिला यंत्र लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे समजून चालायचे. गोठले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये, नाग-मण्याराचे विष रक्तावर नाही, श्वासावर उठते. या तपासणीसाठी रुग्णाला अडकवून ठेवायचे असे नव्हे. गाडी येईपर्यंत जो वेळ जातो त्यात ती होते, नाहीतर लगेच निघावे. चावल्याची वेळ, नळीचा निकाल आणि दिलेली सुई या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून रुग्ण पाथर्डीला किंवा करंजी घाट ओलांडून नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) गेला, तर पुढच्या डॉक्टरची मौल्यवान वेळ वाचते. चिठ्ठी नसली की रस्त्यात ज्याला जे वाटले ते तो सांगतो. कोणी म्हणते धामण होती.

आणखी एक विषय आहे, जो आपण पुरुष मंडळी अशा पत्रकात काढत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यावर विधान परिषदेच्या डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, खूप चर्चा झाली. किती शस्त्रक्रिया खरोखर लागत होत्या आणि किती नव्हत्या हे मी ठरवू शकत नाही. पण एवढे कळते की अंगावरून जाते म्हणून आलेल्या बाईला "पिशवी काढून टाका" हा सल्ला तोंडी मिळतो, निदान कागदावर नसते, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे तर हातात काहीच नसते. पाळीत खाडा पडू नये, पुन्हा दवाखान्याचा खर्च नको, म्हणून घरचेही होकार देतात. निदान लिहून मागितले असते, सोनोग्राफीचा कागद जवळ ठेवला असता, तर त्यातल्या काही बाया तरी दुसरीकडे विचारू शकल्या असत्या. नगर आणि बीड यांच्यामध्ये सरकारी शीव आहे, टोळ्यांच्या मधे नाही.

कोणी म्हणेल, डॉक्टरला दिवसाला साठ रुग्ण, लिहायला वेळ कुठला? आणि आमचे लोक कागद सांभाळत नाहीत. पहिल्याला उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावातल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांना शिकवून त्यांनी आरोग्य सेविका केले. बाळाचे वजन, गरोदर बाईची तपासणी, आजाऱ्याची चौकशी ही कामे या बायका करू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी गावाचे आरोग्य सांभाळले, तर शिकलेल्या कंपाउंडरने चिठ्ठीवर तीन ओळी लिहिणे ही काही अशक्य गोष्ट नाही. दुसऱ्या आक्षेपाबद्दल एवढेच म्हणतो की शेअर सर्टिफिकेट, सात-बारा आणि सोसायटीचे पासबुक आपण पत्र्याच्या पेटीत तीस-तीस वर्षे ठेवतो. कागद सांभाळता येत नाही असे नाही.

कारखान्याने काय करावे? प्रवरेच्या परिसरात लोणीला १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, तसे काही मी मागत नाही. माझी सूचना स्वस्त आहे. अंगणवाडीत गरोदर बाईला माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, त्याच धर्तीवर प्रत्येक सभासद कुटुंबाला आणि करार झालेल्या प्रत्येक टोळीतल्या कुटुंबाला एक जाड पुठ्ठ्याची वही आणि पाणी न लागणारी पिशवी द्यावी. वहीत नाव, वय, चालू दुखणे, चालू औषधांची नावे, कोणते औषध सोसत नाही, लसींच्या तारखा, क्षयाचा क्रमांक असला तर तो. लिहायचे डॉक्टरने, सांभाळायचे घरच्यांनी. टोळी कारखान्यावर पोहोचली की शेतकी विभागाच्या माणसाने जशी माणसांची मोजणी करायची, तशीच वह्यांचीही करावी. ज्याच्याकडे नसेल त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन करून द्यावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत, तेव्हा खर्च फक्त वहीचा आणि गाडीचा.

तालुक्यातील डॉक्टर मंडळींना हंगामापूर्वी एकदा कारखान्यावर बोलवावे, चहा द्यावा आणि वहीचा नमुना त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावा. त्यांनी ठरवलेला असला तर ते भरतील. हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नये, विषयपत्रिकेवर घ्यावा. मी तशी लेखी मागणी देणार आहे, सोबत सह्या करू इच्छिणाऱ्या सभासदांनी आपापल्या गट ऑफिसला नाव द्यावे.

— एक ऊस उत्पादक सभासद, पाथर्डी