हेदवीच्या बाईने डॉक्टरकडे केव्हा जायचे?

वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्यांत एक लेख दरवर्षी न चुकता छापून येतो : स्त्रीरोगतज्ज्ञाकडे केव्हा जावे. त्यातला सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. आमची तक्रार एवढीच की, तो सल्ला घराखालीच दवाखाना असलेल्या बाईला दिलेला असतो. तोच लेख हेदवीच्या बौद्धवाडीत नेऊन वाचला, तर त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे 'कुठे?' आणि 'कोणाच्या पैशाने?' असे दोन प्रश्न उभे राहतात. म्हणून आम्ही आज हा विषय हेदवीच्या बाजूने मांडणार आहोत.

हेदवी हे गुहागर तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. दशभुज गणपतीचे देऊळ आणि बामणघळ पाहायला मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात आणि फोटो काढून परत जातात. त्याच गावातल्या बाईला तज्ज्ञ डॉक्टर गाठायचा तर ग्रामीण रुग्णालय गुहागरला, वीस-पंचवीस किलोमीटरवर. तिथे काम झाले नाही तर चिपळूण किंवा कामथ्याचे उपजिल्हा रुग्णालय. जिल्हा रुग्णालय रत्नागिरीला, म्हणजे तवसाळहून फेरीबोटीने जयगडची खाडी ओलांडायची आणि पुन्हा गाडी धरायची. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, हे चांगले झाले. पण तिकीट अर्धे झाले तरी दिवस अख्खाच जातो. लावणीच्या नाहीतर काजूच्या हंगामात एका दिवसाची मजुरी बुडवणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात मजुरी येते त्यालाच कळते. त्यात घरधनी मुंबईला चाकरीवर, घरात सासू, पोरे, गुरे. डॉक्टरकडे जायचे तर आधी मुंबईला फोन, मग पैशाची वाट, मग सोबतीला कोण हा प्रश्न. या सगळ्यातून बाई एकच मार्ग काढते, दुखणे अंगावर काढते.

सरकारी व्यवस्था कागदावर कशी आहे तेही पाहिले पाहिजे. उपकेंद्रात परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ त्याच्या वरच्या पायरीवर, तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर. मैदानी भागात एक लाख वीस हजार आणि डोंगराळ भागात ऐंशी हजार लोकसंख्येमागे अशी एक वरची पायरी असावी, असा निकष आहे. आता ही पायरी किती भक्कम आहे? केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांची गरजेच्या तुलनेत ७४.२ टक्के कमतरता होती. म्हणजे चार डॉक्टर हवेत तिथे जेमतेम एक. ज्या गुहागर तालुक्यात एन्रॉनचा वीज प्रकल्प अंजनवेलला आणण्यासाठी दिल्लीपासून अमेरिकेपर्यंत धावपळ झाली, त्या तालुक्यातल्या बाईसाठी डॉक्टर आणायची धावपळ कोणी केली, हे आम्हाला विचारावेसे वाटते.

पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. बाई बोलत नाही, हेही खरे आहे. आणि ती बोलत नाही याचे कारण आपल्या समाजाला नव्याने सांगायची गरज नसावी. 'विटाळ' हा शब्द आपल्या बापजाद्यांना लावला गेला आणि तोच शब्द पाळीतल्या बाईला लावला गेला. माणसाच्या शरीराला अपवित्र ठरवण्याची ही एकच विद्या आहे. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी देहाच्या विटाळाबद्दल सातशे वर्षांपूर्वी अभंगातून प्रश्न विचारला. १९५६ साली आपण तो धर्मच सोडला. तरीही आज कित्येक बौद्ध घरांत, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असताना, पाळीतली सून चार दिवस बाजूला बसते. जी गोष्ट उच्चारायचीच नाही तिची तक्रार ती कोणाकडे करणार? सासूला सांगितले तर 'आम्हालाही व्हायचं, त्यात काय' हे उत्तर ठरलेले. (सासूचेही अंग बाहेर येत असते आणि तीही वीस वर्षे ते कापडाने आवरून शेतात वाकत असते, हे कोणी विचारत नाही.)

तेव्हा स्पष्ट शब्दांत लिहू. पाळी सात-आठ दिवसांहून जास्त चालत असेल, तास-दोन तासांत कापड किंवा पॅड भिजत असेल, गाठी जात असतील, तर ते 'उष्णतेने' होत नाही, डॉक्टरला दाखवायचे. असे रक्त महिनोन्‌महिने जात राहिले की अंगातले रक्त आटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायका रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या आणि आधीच्या फेरीतला आकडा ४८ होता, म्हणजे आपण पुढे जाण्याऐवजी मागे गेलो. थकवा, धाप, डोळ्यापुढे अंधारी हे बाईच्या जन्माला चिकटलेले नाही, बहुतेक वेळा ते रक्त कमी असल्याचे लक्षण असते. अंगावरून पांढरे जाणे थोडेफार सगळ्यांनाच असते. पण त्याला दुर्गंधी असेल, खाज असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, सोबत ओटीपोटात दुखत असेल, तर औषध लागते आणि पुष्कळदा नवऱ्यालाही सोबतच घ्यावे लागते. पाळीत इतके दुखते की मुलगी शाळा बुडवते, हेही दाखवण्यासारखे आहे. पंधरा-सोळा वर्षांची होऊनही पाळी आली नाही, किंवा दिवस गेलेले नसताना सलग तीन महिने पाळी चुकली, तर वाट पाहू नये. लग्नाला वर्ष होऊन मूल नाही तर दोघांनी तपासून घ्यावे, बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच. एकट्या बाईला डॉक्टर, भगत आणि नवस असे फिरवायचे आणि नवऱ्याची साधी तपासणीही करायची नाही, हा अन्याय आहे. अंग बाहेर येणे, खोकताना-शिंकताना लघवी सुटणे, स्तनात गाठ लागणे, यांपैकी कशालाही 'वय झाले' हे उत्तर नाही.

आणि दोन गोष्टी अशा की ज्यात आठवडाही घालवू नये. पाळी कायमची जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अगदी एक डाग असला तरी. आणि नवरा-बायकोच्या संबंधानंतर रक्त जाणे. दर वेळी तो कॅन्सर नसतो. पण असेल तर तो लवकर सापडण्याची हीच वेळ असते.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण त्याचे निम्मे संशोधन आपल्याच माणसांच्या अंगावर झाले आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ऐंशी हजार दगावल्या. हा रोग एचपीव्ही नावाच्या विषाणूपासून होतो आणि संसर्गापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण दहा-पंधरा वर्षे जातात. म्हणजे पकडायला वेळ भरपूर मिळतो. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखे पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचे, मिनिटभर थांबायचे, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. ही तपासणी दहावी झालेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या वस्तीतल्या बायकांनी केली. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ ला सुरू झाला, एक लाख एकतीस हजार बायकांवर. तिथे एकाच फेरीची व्हिनेगर तपासणी पुरेशी ठरली नाही. पण आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले : चाचणीच्या गटात ३४, तुलनेच्या गटात ६४.

या तुलनेच्या गटाबद्दल पुढे जगभर वाद झाला. मुंबई, उस्मानाबाद आणि तामिळनाडूतले दिंडिगल, या तीन अभ्यासांत तपासणी न दिलेल्या बायकांपैकी २५४ बायका या कॅन्सरने मरण पावल्या. बाकी कुठेच तपासणी मिळत नव्हती, म्हणून यांनाही न देणे हाच 'नेहमीचा उपचार' ठरला, असा संशोधकांच्या बाजूचा युक्तिवाद. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गरीब बायकांच्या जिवावर जे ज्ञान मिळाले ते गरीब बायकांना परत किती मिळाले? केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरवले की ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी व्हावी. पुढच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या दोनही भरल्या नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी सर्वांत उपयोगी. पण तिच्या आईला लस नव्हे, तपासणी हवी आहे.

याच्या उलट टोकाचा धोकाही सांगितला पाहिजे. जिथे तपासणी पोचत नाही तिथे शस्त्रक्रिया मात्र पोचते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडतो, खाड्याचा मुकादम दंड लावतो, आणि पांढरे जाते म्हणून आलेल्या बाईला खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. या कामगारांत दलित, भटके, बंजारा बायका किती, हे मोजायला वेगळी समिती नको. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक पिशवी काढण्याविरुद्धची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला. म्हणून कोणी 'पिशवी काढून टाका' म्हणाले, आणि जीव धोक्यात घालणारा रक्तस्राव नसेल, तर सोनोग्राफीचा कागद हातात घ्यावा, औषधाने भागेल का विचारावे आणि सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. पांढरे जाण्यावर पिशवी काढणे हा उपाय नाही.

बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या पक्षातर्फे आमदार रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला आणि तो सभागृहाने फेटाळला. हे मुद्दे त्यांना कुठल्या पुस्तकातच सापडले असे नव्हे. रमाई याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या वणंदच्या. पाच लेकरांपैकी चार डोळ्यांदेखत गेली, आणि २७ मे १९३५ रोजी दीर्घ आजाराने त्याही गेल्या. रमाईची जयंती आपण गावोगाव करतो. त्या दिवशी मंडपात बायकांच्या रक्ताची तपासणी किती ठिकाणी होते?

हेदवीत आणि आजूबाजूच्या गावांत करता येण्यासारखे काय आहे, ते लिहितो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची तज्ज्ञाकडून मोफत तपासणी व्हावी, अशी केंद्राची योजना जून २०१६ पासून आहे. आपल्या भागात ती कुठल्या केंद्रात होते आणि तज्ज्ञ खरोखर येतो का, हे आशाताईला विचारून विहाराच्या फळ्यावर लिहावे. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे. गरोदरपणी रक्त जाणे, डोके ठणकून डोळ्यापुढे धूसर होणे, चेहऱ्यावर सूज, झटका, पोटातल्या बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तिथे कोणी पैसे मागितले तर पावती मागावी. अविवाहित मुलीला 'लग्न झालंय का' असे सगळ्यांसमोर विचारणाऱ्या दवाखान्यात तिने पडद्याआड बोलायची मागणी करावी, तो तिचा हक्क आहे.

आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना एक सूचना. वर्षावासात तीन महिने विहारात बायका जमतात, त्यातली एक दुपार यासाठी द्या. ग्रामपंचायतीच्या महिला ग्रामसभेत ठराव घ्या की, तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची पिशवीच्या तोंडाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या वारी होणार, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी लेखी कळवावे. ठरावाची प्रत जिल्हा परिषदेला, एक आमदाराला, आणि एक आमच्याकडे पाठवा. आलेली उत्तरे, आणि न आलेलीही, आम्ही याच जागी छापू.