गळका नळ आणि घराचा पाया



दसरा झाला. सोयाबीन, बाजरी घरात आली, कापसाच्या वेचण्या सुरू झाल्या आणि रब्बी ज्वारीची पेर उरकत आली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आता कोयत्याला धार लावणे सुरू होईल आणि दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्याकडे निघतील. अशा वेळी खते, बियाणे आणि किडी बाजूला ठेवून आज घरातल्या पाण्याच्या गळतीविषयी बोलायचे आहे. कोणी म्हणेल, "साहेब, हे काम नळ दुरुस्त करणाऱ्याचे, यात तुमचे काय?" पण पाणी मातीत शिरले म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? घराचा पायाही अखेर मातीतच उभा असतो.

गळती म्हटली की आपल्याला वाया जाणारे पाणी तेवढे आठवते. ते आठवायलाच हवे. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. हे आपल्या शेजारीच घडले. तेव्हा थेंबाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको.

तरीही हिशेब एकदा करून पाहा. गळक्या नळाखाली लिटरचे माप ठेवा. ते तासाभरात भरले, तर दिवसाला २४ लिटर, महिन्याला ७२० आणि वर्षाला ८,७६० लिटर पाणी गेले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. म्हणजे एक गळका नळ घरातल्या जवळजवळ अर्ध्या माणसाचे पाणी पितो.

पण नळाचा थेंब निदान डोळ्यांना दिसतो, कानाला ऐकू येतो. खरे नुकसान करते ती न दिसणारी गळती. वाया गेलेले पाणी पुढच्या पावसात परत येईल; पण ते जाता जाता कुठे मुरले, यावर घराचे बरेवाईट ठरते.

माती कोणती, ते आधी पाहा

गेवराई, माजलगाव भागात, गोदाकाठी, खोल काळी जमीन आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात, हे आपण दरवर्षी पाहतो. आता विचार करा. मोरीचा पाइप एका कोपऱ्यात गळतो आहे. त्या कोपऱ्याखालची माती फुगून पाया वर उचलते आणि दुसऱ्या कोपऱ्याखालची कोरडी माती आहे तिथेच राहते. घर मधल्यामध्ये पिळले जाते. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दार चौकटीला घासू लागते. आपण गवंडी बोलावून भेग बुजवतो, ती पुन्हा उघडते. आधी पाणी थांबवायला हवे, भेग नंतर.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा, आष्टी, धारूरकडच्या मुरमाड जमिनीत याच्या उलट घडते. तिथे गळलेले पाणी सरळ खाली जाते. ओल वर येत नाही आणि महिनोन् महिने पत्ताही लागत नाही. अशा घरात डोळ्यांवर विसंबू नका. पुढे सांगितलेली रात्रीची परीक्षा घ्या.

जुन्या माळवदाच्या, पांढऱ्या मातीच्या घरांना तर सर्वांत जास्त जपायला हवे. मातीची भिंत कोरडी असेपर्यंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. पण बुडाशी ओल धरली की तिची ताकद जाते आणि डोक्यावर माळवदाचे ओझे असतेच. अशी भिंत बसायला लागली, तर माणसे आधी बाहेर काढा, सामान नंतर.

गळतीच्या खुणा

गळती आधी चाहूल देते. ती पुढील खुणांनी ओळखावी.

भिंतीच्या बुडाशी पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. पाणी भिंतीतून वर चढून वाळते आणि मातीतले क्षार मागे ठेवते, तोच हा लोणा.

चौकटीकडे वाळवीची मातीची नळी चढलेली दिसते. वाळवीला ओल लागते. नुसते औषध मारून भागत नाही, ओल कुठून येते ते शोधा.

चैत्र-वैशाखात सगळे अंगण करपलेले असताना भिंतीकडेला हरळीचा एकच पट्टा हिरवागार राहतो. कोंबड्या आणि कुत्रे रोज एकाच गार जागी येऊन बसतात. त्यांना पाणी आपल्या आधी कळते.

शेवटची खूण आताच्या दिवसांत उपयोगी पडणारी आहे. पावसाची ओल उघडीप मिळाली की हळूहळू वाळते. दिवाळीनंतर चांगले पंधरा दिवस ऊन पडूनही जी ओल हटत नाही, ती बहुतेक नळाची किंवा मोरीची समजावी.

ओल जिथे दिसते तिथेच पाइप फुटला असेल, असे मात्र धरून चालू नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. पाणी उताराने आणि पाइपाच्या कडेकडेने वाहत जाऊन भलतीकडेच वर येते. म्हणून फरशी फोडण्याआधी परीक्षा घ्यावी.

रात्रीची परीक्षा

हिला पैसा लागत नाही. रात्री जेवणे, भांडीकुंडी उरकल्यावर टाकी किंवा हौद भरून घ्या. घरातले सर्व नळ बंद करा. टाकीत पाणी सोडणाराही बंद असावा. पाण्याच्या पातळीवर कोळशाने खूण करा. टाकीत हात पोहोचत नसेल तर काठी उभी बुडवून ओल्या रेघेवर खूण करा. झाकण लावा. पहाटे कोणी पाणी घेण्याआधी पातळी पुन्हा पाहा.

हौद उघडा असेल तर काही पाणी हवेत उडून जाते. त्यासाठी शेजारी एक पाण्याने भरलेली बादली ठेवून तिलाही खूण करावी. बादलीतले पाणी जेवढे उतरले, तेवढे हौदाच्या उतारातून वजा करा. उरेल ती गळती.

किती लिटर गेले, तेही काढता येते. हौदाची आतली लांबी आणि रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजा, त्यांचा गुणाकार करा आणि १,००० ने भागा. २०० सेंटीमीटर लांब आणि १५० सेंटीमीटर रुंद हौदात एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ३० लिटर. गोल टाकीचा व्यास एक मीटर असेल, तर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ८ लिटर.

पातळी उतरली, तर दुसऱ्या रात्री टाकीतून घरात जाणाऱ्या पाइपाचा कॉक टाकीजवळच बंद करा आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या. आता पातळी उतरली नाही, तर टाकी चांगली आहे आणि गळती पुढच्या पाइपात आहे. कॉक बंद असूनही उतरली, तर टाकीलाच भेग असेल किंवा कॉक नीट बसत नसेल. दोन रात्रींत अर्धे घर शोधातून सुटते.

संडासाला फ्लशची टाकी असेल, तर तिच्यात कपड्याची नीळ थोडी टाका आणि अर्धा तास ती वापरू नका. भांड्यात निळे पाणी उतरले, तर आतला रबर गेला आहे. गाव निजल्यावर लोखंडी पहारीचे एक टोक पाइपावर आणि दुसरे कानाशी धरले, तर सूं असा बारीक आवाजही ऐकू येतो. पाइपात दाब असतानाच ही युक्ती चालते.

धान्य, पिण्याचे पाणी आणि वीज

ओल्या भिंतीला टेकवलेली ज्वारीची पोती किंवा कणगी आतून तापते आणि दाण्याला बुरशी धरते. चांगला वाळलेला दाणा दाताखाली कट्‌कन फुटतो. ओल धरलेला दबतो. बुरशीच्या धान्यात विष तयार होण्याचा धोका असतो. ते माणसांनी खाऊ नये आणि "जनावराला चालेल" असे म्हणून दावणीतही टाकू नये. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून निदान हातभर अंतरावर ठेवावीत.

पाइपाला बारीक भोक असेल, तर त्यातून पाणी नुसते बाहेर जात नाही. आपल्याकडे नळाला पाणी काही तासच येते. कित्येक गावांत चार-आठ दिवसांनी येते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून गटारातले, उकिरड्याजवळचे पाणी आत ओढतो. पुढच्या वेळी तेच हंड्यात येते. पहिले पाणी गढूळ किंवा वासाचे आले, घरोघर जुलाब सुरू झाले, तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून पाण्यातल्या क्लोरिनची तपासणी करून घ्या. तोपर्यंत पाणी उकळून, गार करून प्या.

विजेचा बोर्ड किंवा वायर असलेल्या भिंतीला ओल आली, तर आधी मेन स्विच बंद करा. ओल्या भिंतीला हात लावून पाहू नका. मुलांनाही दूर ठेवा.

घर बंद करून जाणाऱ्यांसाठी

कोयत्यावर जाणाऱ्या कुटुंबांना हे आवर्जून सांगतो. घराला कुलूप लागते ते थेट चार-पाच महिन्यांनी उघडते. मागे म्हातारी माणसे असली, तरी ती बहुधा पुढच्या खोलीत राहतात. ताशी एक लिटरची गळती पाच महिन्यांत साडेतीन हजार लिटरांवर जाते आणि ते सगळे पाणी पायात आणि धान्याच्या खोलीत मुरते. वडवणी भागातल्या एका घरी उन्हाळ्याच्या तोंडाला गेलो होतो. नवराबायको हंगाम संपवून नुकतीच परतली होती. मोरीमागचा सांधा सुटला होता. सासूसाठी आणि पुढच्या चार महिन्यांसाठी ठेवलेली ज्वारी खालून काळी पडून तिचे गोळे झाले होते. त्या बाईने एक गोळा हातात घेऊन फोडला, वास घेतला आणि काही न बोलता पोते बाहेर ओढले. ऊस तोडून आणलेल्या पैशातून त्यांना पहिली खरेदी ज्वारीचीच करावी लागली.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी टाकीचा कॉक आणि बाहेरून येणाऱ्या नळाचा कॉक बंद करा. म्हाताऱ्या माणसांना पाणी लागतेच. त्यांच्यासाठी एक नळ किंवा एक रांजण ठेवा आणि आतल्या खोल्यांकडे जाणारे पाणी तोडा. धान्य मोरीच्या भिंतीपासून हलवा. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन पंधरवड्याला एकदा दार उघडून पाहायला सांगा.

दुरुस्ती आणि दूरदृष्टी

तोटीतून थेंब पडत असेल, तर बहुधा वायसर झिजलेला असतो. तो बदलणे अगदी किरकोळ काम आहे. पाइपाचा सांधा गळत असेल, तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळल्याने तात्पुरते भागते; पण ती तशीच वर्षभर ठेवू नये. पाणी बंद करून, सांधा कोरडा करून नवा सॉकेट बसवावा. उन्हातला पांढरा प्लॅस्टिक पाइप कालांतराने ठिसूळ होतो, त्याला रंग द्या किंवा झाकून घ्या. भिंतीची भेग गळती थांबल्यावर लगेच बुजवू नका. तिच्यावर आडवी कागदाची पट्टी खळीने चिकटवून तारीख लिहा. पट्टी फाटली, तर भेग अजून चालते आहे.

नवे घर बांधणाऱ्यांनी जुन्यांकडून एक गोष्ट घ्यावी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबराने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जमिनीखालून पाणी आणले. त्या नहरीला त्याने ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडे ठेवली, म्हणजे आत उतरून पाहता यावे, साफ करता यावे. आपण मात्र पाइप फरशीखाली गाडतो, वर सिमेंट ओततो आणि तो कुठून गेला हे दोन वर्षांत विसरतो. शक्यतो पाइप भिंतीबाहेरून, दिसेल असा न्यावा. गाडावाच लागला, तर प्रत्येक वळणाला उघडता येईल असे झाकण ठेवावे आणि पाइपाचा नकाशा वहीच्या पानावर काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावा.

शेवटी घरधन्यांना एक विनंती. पाणी भरणारी आणि वापरणारी बाई असते. "हल्ली टाकी लवकर संपते," "कोपऱ्यातली फरशी पुसली तरी ओलीच राहते," असे ती म्हणाली, तर "पाणी जपून वापर" असे उत्तर देऊ नका. ती गळतीची पहिली बातमी देत असते. त्याच रात्री टाकीवर कोळशाची खूण करा.